बासष्ट पानांच्या अटी

३ जून
लेक-जावई बदलीच्या गावी गेले. नात दीड वर्षाची, तीही गेली. लेक म्हणाली, बाबा, व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप घ्या, रोज दिसेल. घेणारच होतो. ‘मान्य’ दाबण्याआधी अटी उघडल्या. बासष्ट पानं! त्या उघडणारा मी जगात पहिलाच असणार. प्रिंट काढून आणली. लाल पेन घेतलं. आठ दिवसांत फडशा.

५ जून
पान ४. आम्ही अटी कधीही बदलू. तुम्ही अ‍ॅप वापरत राहिलात म्हणजे तुम्हाला मान्य. शी! पान ६. माझे फोटो, माझा आवाज, मी कुठे जातो, सगळं त्यांचं. काही बिघडलं तर मात्र जबाबदारी माझी. किळस आली. चहा बाजूला सारून लाल पेनाने फुल्या मारल्या.
ठरलं. अटी सुधारून मिळेपर्यंत अंगठा लावणार नाही. नात थांबेल. दीड वर्षाची तर आहे.

७ जून
हिने परस्पर अ‍ॅप घेतलं. तीन सेकंदांत ‘मान्य’. अटी वाचल्यास का, विचारलं. म्हणाली, लग्नाआधी तुमच्या तरी कुठे वाचल्या होत्या? अशा माणसाशी काय बोलणार.

१० जून, संध्याकाळी ६
तोडगा काढला. ही फोनसमोर बसते. मी बाजूला, टेबललॅम्प धरून उभा; कोपरापासूनचा हात तेवढा दिसतो, बाकी मी कॅमेऱ्याबाहेर. हिच्या तोंडावर उजेड नको का? उजेड दाखवणं म्हणजे वापर नव्हे. नातीचं खिदळणं ऐकलं. मी गप्प, आवाज रेकॉर्ड होतो (पान ६). ही मधूनच माझ्या हाताकडे बोट दाखवून म्हणायची, ते बघ आजोबा. कायद्याने मी स्वच्छ.

१९ जून
माझ्या लाँड्रीच्या दुकानात कटकट. एका बाईंचा कोट ड्रायक्लीनिंगमध्ये आखडला. भरपाई हवी म्हणे. पावती उलटी करून दाखवली : आखडणे, रंग जाणे, हरवणे, आमची जबाबदारी नाही. म्हणाल्या, एवढं बारीक कोण वाचतं? म्हटलं, वाचणं गिऱ्हाइकाचं काम. लोक वाचत नाहीत, हाच खरा रोग. या भानगडीत स्टीम प्रेसवर कोपर भाजलं. आता अर्ध्या बाह्या.
घरी येऊन पान १९. अक्षर इतकं बारीक की डोळे फुटायची वेळ. लाज कशी वाटत नाही यांना?

१५ जुलै
कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवलं होतं. अकरा हरकती. उत्तर एका ओळीचं : तक्रारीसाठी अ‍ॅपवर खातं उघडा. कागदावर थुंकणार होतो. फाइलला लावला.

२ डिसेंबर
पान ४१. दुकानाचा व्याप, दुसरं काय. कोपरावर काळा डाग राहिलाय, रोज लॅम्प धरताना फोनमध्ये दिसतो. नात आता बोलते. ही म्हणाली, एकदा समोर तरी या. म्हटलं, एकवीसच पानं उरलीत.

२० डिसेंबर
आले! मुद्दाम लांब बाह्यांचा शर्ट घातला, कडक इस्त्रीचा. दारात हात पसरले. नात आईच्या मागे लपली. लेक म्हणाली, अगं, आजोबा! नातीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. फार लागलं.
हात धुवायला बाह्या वर केल्या, तशी धावत आली. डाग ओळखला. आजोबा, आजोबा! दिवसभर बाहुली कोपराला दाखवली. बिस्किट कोपराला भरवलं. वरून मी काही बोललो की दचकायची.
सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो.

२७ डिसेंबर
गेले. बासष्ट पानं रद्दीत. ‘मान्य’ दाबलं. न वाचता, स्वतःच्या अंगठ्याने. स्वतःचीच शिसारी आली.
संध्याकाळी ६. पहिला कॉल. दाढी केली. फोन समोर धरला, पूर्ण चेहरा, लख्ख उजेड. नातीने नीट निरखलं.
म्हणाली, हे नको. आजोबा दाखव.