आईला ऐकू आलेले सूर

प्रिय दादा,

परवा रेडिओवर माझी रचना लागली. तिच्यात वाद्य एकही नाही. स्टुडिओतल्या यंत्रातून काढलेले सूर मी टेपवर घेतले, टेप कापून जोडली आणि वेग कमी करून ते खूप खाली उतरवले. रेडिओ केंद्रावरचे आमचे साहेब म्हणाले होते, "लोकांना वाटेल, रेडिओ बिघडलाय." तसे फोन आलेही.

तू घर सोडलंस त्यानंतर आईचे कान गेले. आता ती ओठ बघून अंदाज बांधते. तरी मी घरी रेडिओ लावला. ती भाजी निवडत होती. ते जाड, खालचे सूर सुरू झाले आणि तिचे हात थांबले. उठून तिने रेडिओवर तळवा ठेवला. "अगं, हे मला ऐकू येतंय," म्हणाली. संपेपर्यंत हात काढला नाही. मग हळूच विचारलं, "तो असेल तिथे हा रेडिओ लागतो का गं?"

मी मान डोलावली. खरं तर तुझा पत्ताच नाही, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहणार. पण साहेबांच्या खनपटीला बसून मी आणखी एका रचनेची वेळ मिळवली आहे. तिच्याआधी निवेदिका एवढंच म्हणेल, "ही रचना दादासाठी. आई वाट बघतेय."

तुझी,
धाकटी