दोन्ही टोकांचं पदक

छावणी,
१४ मार्च

प्रिय बडबड्या,

सप्रेम नमस्कार. मी मजेत आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही, वहिनींच्या पत्रातून सगळं कळलं.

इथे मेसमधला चहा अजून तसाच, रंगीत पाणी. नव्या भरतीला तार जोडायला शिकवतोय. काल एका पठ्ठ्याने गाठीत स्वतःचीच बाही अडकवली. तू असतास तर महिनाभर त्याची पाठ सोडली नसतीस.

आता मुद्द्याचं. तू म्हणे पदक घ्यायला येणार नाहीस. "तो तोफगोळ्यांतून रांगत गेला, मी बंकरमध्ये बसून नुसता फोन धरला. फुकटचा मान नको." वा रे शहाण्या.

त्या सकाळी पुढच्या चौकीतली आपली माणसं घेरली गेली होती आणि आपल्या तोफांना नेम सांगायला ती एकच तार होती. ती जागोजागी तुटली. मी मुठीतून तार सरकवत पुढे जायचो, तुटलेली टोकं जोडायचो आणि जवळचा फोन लावून तुला हाक द्यायचो. तुझं उत्तर आलं की मागचं सगळं शाबूत, पुढे निघायचं. तू गप्प बसला असतास तर मी मागेच फिरलो असतो ना? एवढं साधं तुला कळू नये?

पहिल्या गाठीला तू मला शिव्या घातल्यास. दुसऱ्या गाठीला म्हणालास, "लवकर आटप, चहा निवतोय." कसला चहा अन् कसलं काय. तोवर बंकरचं छप्पर तुझ्या पायावर कोसळलं होतं, हे मला संध्याकाळी कळलं. तू नुसता कण्हला असतास तरी मी तुझ्याकडे धावत आलो असतो. ते तुला ठाऊक होतं, म्हणून कण्हला नाहीस.

आणखी एक, जे साहेबांनाही सांगितलेलं नाही. शेवटच्या गाठीआधी मी एका खड्ड्यात पडून राहिलो. आता पुढे जायचं नाही असं ठरवूनच टाकलं होतं. तुझ्याशी शेवटचं बोलावं म्हणून फोन लावला. तू म्हणालास, "गाढवा, तुझ्या वरातीत नाचायचंय मला." मला हसू आलं आणि मी उठलो.

तुझा पाय गेला. इतका वेळ हे वाक्य टाळत होतो. मला फार वाईट वाटतं रे, पण म्हणून तू भिंतीकडे तोंड करून बसलेला मी चालवून घेणार नाही.

साहेबांना स्पष्ट सांगितलंय, घेऊ तर दोघं, नाहीतर पदक पेटीतच राहू दे. शुक्रवारी गाडी घेऊन येतोय. वहिनींना म्हणावं, तुझा गणवेश इस्त्री करून ठेवा. दार लावून घेतलंस तर पायरीवर बसून बोलत राहीन, तू ओ देईपर्यंत.

तू बोलत राहिलास म्हणून जिवंत असलेला,
तुझा जोडीदार