विसरवाडीच्या पुढे

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आत्ता लिहायला बसलेय, तेही शाळेतल्या मराठीत. घरी आपण असं कधी बोललो नाही. पण अहिराणीत लिहायला घेतलं की दुसऱ्याच ओळीला डोळे भरतात, म्हणून ही भाषा. तुम्ही ऐकलं असतंत तर हसून म्हणाला असतात, "काय वं, बापसंगे साहेबीणसारखी बोली ऱ्हायनी?" बोलू द्या. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि दोन वर्षं मी तिच्याभोवती नुसत्या घिरट्या घालतेय.

मी पुन्हा शिकायला गेले होते. चाळिशीला टेकलेली बाई, शिंगं मोडून वासरांत शिरली. अतिदक्षता विभागातल्या नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यास. म्हणजे काय, तर आजवर डॉक्टर सांगतील ते मी करत आले. आता पेशंट ढासळायला लागला की नेमकं काय बिघडतंय ते मी ओळखायचं, डॉक्टर येईपर्यंत पहिला उपाय मी करायचा आणि तो का केला याचं उत्तरही मीच द्यायचं. तुम्ही जन्मभर एसटी चालवलीत, तुम्हाला लगेच कळेल: कंडक्टरला उठवून ड्रायव्हरच्या जागी बसवलं. वर्गातल्या पोरी माझ्याहून खूप लहान. त्यांचं पाठांतर घोड्यासारखं पळायचं आणि मी हिवाळ्यात सकाळी चालू न होणाऱ्या तुमच्या गाडीसारखी. तरी रेटलं. पहिल्यांदा नर्सिंगला गेले तेव्हा तुम्ही नंदुरबारच्या बाजारातून पांढरे बूट आणले होते, एक नंबर मोठे. माय चिडली, तर तुम्ही म्हणालात, "उभं ऱ्हाईसन पाय सुजतस, माले इचार." सुटीत घरी आल्यावर एकदा चुलीपाशी जेवताना मी ऐटीत म्हटलं, "आज सहा नंबर बेड गेला." माय कळण्याची भाकरी थापत होती. तुमचा घास हातातच राहिला. "बेड कसा जाई? मानूसले नाव नही व्हतं का?" एवढंच बोललात आणि ताटावरून उठलात. त्यानंतर मी कुणाला नंबरानं हाक मारलेली नाही.

आमच्या मॅडम केरळच्या. मराठी तोडकी, नजर घारीची. माझा हात चांगला आहे असं त्या सगळ्यांना सांगायच्या. घशात नळी घातलेल्या पेशंटला श्वासाचं मशीन नसताना रबरी पिशवी दाबून श्वास द्यावा लागतो, आम्ही तिला अंबू म्हणतो. ती पिशवी माझ्याइतकी एकसारखी कुणी दाबत नसे. पण रबरी पुतळ्यावर परीक्षा चालू असताना एक दिवस त्यांनी मला थांबवलं. "सगळं बरोबर. पण तू मानेला हात नाही लावत. नाडी मशीनला विचारते. का?" पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. बोटं पुतळ्याच्या गळ्यापर्यंत जायची आणि कुणी मनगट धरल्यासारखी तिथंच अडायची. शेवटी त्या म्हणाल्या, "नंदुरबारला पोस्टिंग आहे तुझं, शेवटचं. तिथं हे सुटलं पाहिजे. नाही सुटलं तर मी पास नाही करणार. पेशंट मरेल आणि तू बॅग दाबत बसशील." वर्गातल्या पोरी खाली बघायला लागल्या. मला मॅडमचा राग आला नाही. भीती वाटली, कारण हे सगळं त्यांना कुठून कळलं?

सुरतच्या दवाखान्यातून तुम्हाला आणलं तो दिवस तुम्हाला ठाऊक असणं शक्य नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. काका म्हणाले, "भाऊले घर लई चाला. त्यासले आपला घरमा, भुईवर लेवानं शे." आपल्याकडे माणूस खाटेवर जाऊ देत नाहीत, श्वास असताना जमिनीवर घेतात, तोंडात पाणी घालतात. त्यासाठी श्वास घरापर्यंत पुरायला हवा होता, आणि तो पुरवणारी घरात मी एकटीच. नवापूर गेलं, चिंचपाडा गेलं. ॲम्ब्युलन्सवाला मुलगा दोनदा म्हणाला, मी दाबतो, तुम्ही जरा बसा. मी त्याला हात लावू दिला नाही. विसरवाडीला ट्रकांची गर्दी होती. तिथल्या गतिरोधकावर गाडी आदळली आणि तुमच्या बोटाला लावलेला नाडीचा चिमटा निसटला. मशीनवरचे आकडे गेले. चिमटा खाली पायाशी पडला होता, वाकलं असतं तर मिळाला असता. माझा एक हात रिकामाही होता. तुमची मान तिथंच, माझ्या गुडघ्यापाशी. काकांनी तुमच्या छातीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "शे ना, बेटा?"

मी म्हटलं, "शे."

रनाळ्याला घरी पोचेपर्यंत मी ती पिशवी दाबत आले. अंबू काही सांगत नाही हो आबा. माणूस असो नसो, ती तशीच फुगते, छाती तशीच वर येते. घरी ओसरी सारवून ठेवली होती. तुम्हाला खाली घेतलं, मायनं तापीचं पाणी तोंडात घातलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आते सोड, बेटा." मी सोडलं. तेव्हापासून येईल-जाईल त्याला माय सांगते, "त्यासनी घर येवालोंग जीव धरी ठेवा व्हता." सांगताना तिचा चेहरा उजळतो. आणि इथं स्टाफरूममध्ये चहाचा कप समोर असताना माझा उजवा हात आपोआप मिटतो, उघडतो, मिटतो. वॉर्डात कुठलाही म्हातारा नळीवर असला की काका मागून विचारतात, शे ना? काका जिवंत आहेत, गावात आहेत, तरी विचारतात.

नंदुरबारच्या पोस्टिंगमध्ये एक बाई आली, तापीकाठच्या गावची. सगळे उपाय झाले. डॉक्टरांनी मला सांगितलं, घरच्यांशी तू बोल, शिकलीस ना ते. बोलले. बाईच्या भावानं तेच मागितलं जे काकांनी मागितलं होतं. बाईची मुलगी कॉलेजातली, ती म्हणाली, पिशवी मी दाबते, माले दखाडा. मी तिला शिकवलं. तिनं लय लवकर धरली. त्या सुंदर लयीचीच मला धडकी भरली. मी डॉक्टरांना सांगून ॲम्ब्युलन्समध्ये चढले.

शहाद्याच्या रस्त्याला दोन्हीकडे केळीच्या बागा लागल्या आणि मशीनवरची रेघ वेडीवाकडी व्हायला लागली. रस्ता खराब, म्हणून हलतेय की खरंच, सांगता येईना. पुढे काही करायचं नाही असं घरच्यांनी ठरवलेलंच होतं, म्हणजे मी बघितलं काय न बघितलं काय, बाईला फरक पडणार नव्हता. मुलीनं दाबता दाबता माझ्याकडे बघितलं. "ताई, मन्ही माय शे का नही? खरं सांगा."

मी बाईच्या मानेवर दोन बोटं ठेवली. कातडी ऊबदार होती. वाट बघितली, बोटं जरा सरकवली, पुन्हा बघितली. मग मुलीला तिच्या आईचं नाव घेऊन सांगितलं की त्या गेल्या, आणि आजारानं गेल्या, तुझ्या हातून काही सुटलेलं नाही. मामा एकदम ओरडले, "या ताईले काय समजस? दाबत ऱ्हाय! घर आठेच शे!" पोरीनं पिशवी खाली ठेवली. "नही मामा. गाडी थांबाडा. मायले आठेच भुईवर ल्या." ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. बागेच्या बांधावर, ओल्या मातीत, आम्ही त्या बाईला उतरवलं. माझ्या बाटलीतलं पाणी तिनं आईच्या ओठांना लावलं आणि मामांच्या गळ्यात पडून रडली. मामाही रडले.

मॅडमनी पास केलं. आता मी नंदुरबारलाच असते आणि मानेला हात लावते, दर वेळी, सगळ्यांच्या आधी. लोकांना वाटतं मी निर्भय आहे. त्या पोरीचा मला अभिमान वाटायला हवा, पण आबा, मला तिचा हेवा वाटतो. तिला ठाऊक आहे तिची आई कुठल्या बागेपाशी गेली.

निकाल सांगायला फोन केला तेव्हा माय म्हणाली, "तुन्हा आबा ऱ्हाता तं पेढा वाटता गावभर," आणि मग पुन्हा तेच, तुम्ही घरापर्यंत जीव कसा धरून ठेवला होता ते. मी म्हटलं, हा माय. हे पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही. पाण्यातही सोडणार नाही, कारण पाण्यात सोडलेलं गेलेल्या माणसाला पोचतं म्हणतात. पोचलं तर तुम्ही उत्तर द्याल. तुम्ही खरं बोलणारे. विसरवाडीलाच गेला असाल, तर मला सांगू नका.