चौथे कलम आणि पाइपातले भोक

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पदार्थविज्ञानाची पदवीधर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्याशिवाय लिहीत आहे. माझे डोके शाबूत असल्याची खात्री डॉक्टरांनी आज सकाळी केली. मुलांना शंका असल्यास त्यांनी आपापली डोकी तपासून घ्यावीत.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी. वाटणीवरून भांडायचे झाल्यास जिन्यात भांडावे. हॉलमधल्या आवाजाने मासे बिथरतात.

२. दागिने मुलीला. ती ते घालणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तिलाच.

३. हॅकसॉ, ड्रिल आणि दोन्ही पाने प्लंबरला. टाकीचे पाइप जोडायला मी त्याला बोलावले, तेव्हा तो म्हणाला होता, "बाई, वरचं पाणी खाली नेऊन परत वर आणायचं? मग मुळात खाली न्यायचंच कशाला?" गाळायला, असे सांगितले तर हसत सुटला. शेवटी सगळे पाइप मीच कापले, मीच जोडले. एक सांधाही ठिबकला नाही. हत्यारे वापरताना त्याला ते आठवावे.

४. हॉलमधली सहा फुटी टाकी, मासे, आणि टाकीखालच्या कपाटातली गाळणटाकी. या कलमाचा मूळ मजकूर मी खोडला असून खोडलेल्या जागी सही केली आहे. कारण नोंदवणे आवश्यक आहे.

वरच्या टाकीतले पाणी काठावरून पाइपात पडते, खाली स्पंजांतून गाळले जाते आणि पंप ते परत वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो आणि वर चढवणारा पाइपच उलटे पाणी खाली ओढू लागतो. म्हणून त्या पाइपाला वर, पाण्याच्या पातळीशी, एक बारीक भोक पाडायचे. पातळी थोडी उतरली की भोकातून हवा शिरते आणि पाणी थांबते. हे भोक मी पाडले होते. त्यातून बारीक पिचकारी उडायची.

नऊ वर्षांपूर्वी चिरंजीव म्हणाले, "आई, ते भोक बुजवून टाकू का? किती चुरचुरतं!" तिसऱ्या दिवशी वीज गेली. शंभरेक लिटर पाणी खाली आले, कपाटाबाहेर वाहिले आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या छतातून थेट मशीनवर. बाई छत्री धरून शिवत होत्या. पाइप काढून पाहिला, तर भोक पांढऱ्या कशाने तरी गच्च.

"मी नुसतं विचारलं होतं गं. हात नाही लावला."

"मग भोक काय आपोआप बुजलं?"

"तुझ्या माशांना विचार."

या उद्धटपणाबद्दल मी त्याला टाकीपाशी फिरकायचे नाही असे बजावले. तो माझ्यावरच गेला आहे. दर रविवारी येतो, दारात उभा राहून माझी औषधे देतो आणि जातो. नऊ वर्षांत हॉलमध्ये पाऊल टाकलेले नाही.

मूळ कलमात टाकी मुलीला होती आणि चिरंजीवांना फक्त तो पाइपाचा तुकडा, पुरावा म्हणून. मी तो जपून ठेवला होता. परवा तो बांधायला काढला आणि सहज भोकात सुई घातली. सांधे बुजवायचे सिलिकॉन असते तर रबरासारखे दबले असते. टक् असे वाजले. बाहेर आली मुगाएवढी गोगलगाय, पांढरी, वाळलेली. पाइप दर महिन्याला घासायचा, हा नियम माझा. त्या महिन्यात न घासणारीही मीच.

सबब, टाकी, मासे आणि गाळणटाकी चिरंजीवांना. गाळणटाकीवर लाल नेलपॉलिशची रेघ आहे. पाणी तिच्यावर जाऊ देऊ नये. भोक दर महिन्याला सुईने साफ करावे. त्याची चूक नव्हती. चूक माझी होती. गोगलगाय काडेपेटीत ठेवली आहे. तीही त्याचीच.

५. शिंपीणबाई साक्षीदार असल्याने त्यांना मृत्युपत्राने काही देता येत नाही. म्हणून नवी छत्री आजच हातोहात दिली.

कलम चार वाचून त्या म्हणाल्या, "आणि हे त्याला कधी कळणार? तुम्ही गेल्यावर? आधी फोन करा, मग मी सही करते." मी त्यांच्यासमोर फोन केला.

"काय गं, टाकी फुटली का?"

"नाही. रविवारी ये. चपला काढून ये, आत यायचंय. पंप बंद करून दाखवायचाय तुला."

तो म्हणाला, "पोछा आणू का?"

बाईंनी सही केली.

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)

लिहून देणार: मी, दोघांची आई (सही)
स्थळ: माझा हॉल, टाकीसमोरचे टेबल
दिनांक: १२ मार्च २०२६, गुरुवार