न दुमडलेलं पान

मंगळवार, संध्याकाळ. कुंभकोणम्.

मोठं क्रूझ जहाज की छोटं, ते एजंटला उद्या सकाळी कळवायचं आहे. दोन्हींवर मी वेटर होतो, दोन्हींवर वेगळे पैसे मोजून जेवायच्या खास रेस्तराँतच. मोठ्यावर अशी सहा. जपानी रेस्तराँत समोरच शिजवतात, पाहुणे टाळ्या वाजवतात, पण दीड तासात टेबल रिकामं करायचं. छोट्यावर एकच, इटालियन, बारा टेबलांचं. तिथं एक म्हातारी एका माशावर दोन तास बसायची आणि मी शेजारी उभा. कंटाळा यायचा का? आठवत नाही.

अर्जावर पेन्सिलीनं मोठ्याचंच नाव लिहिलं होतं.

दुपारी आडुतुरैचे मामा जेवायला आले. वाढायला मी. रसम-भात संपला तसं मी त्यांचं केळीचं पान उचललं. जेवणाऱ्यानं दुमडल्याशिवाय पान उचलायचं नाही, हे लहानपणापासून ठाऊक असूनही.

मामा हात तसाच धरून म्हणाले, “का रे, माझी बस सुटते का? ताकभात राहिला की.”

आई हसली. मला हसू आलं नाही. मोठ्या जहाजावरच्या आठ महिन्यांत हात असा झाला?

नवं पान मांडलं. मामांनी ताकभात सावकाश संपवला, पान दुमडलं. तोवर मी उभा होतो. बरं वाटलं.

आत्ता नाव खोडून छोट्याचं लिहिलं. शाईनं.