हात न धरता

ता. ४ जून

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद, आणि इतक्या दिवसांत तुझं पत्र नाही म्हणून एक धपाटा. तू मोठ्या दवाखान्यात लोकांचे आखडलेले हातपाय चालते करतेस, तेव्हा धपाट्यावरचा उपाय तुझ्याकडे असेलच.

पत्र शेजारची शिलाईवाली लिहिते आहे. मी बोलते, ती कागदावर उतरवते. पण मधेच तिला शहाणपण सुचतं आणि ती आपलं काहीतरी घुसडते. ते माझं समजू नकोस.

मी पडले ही बातमी तुझ्या बापाने तिखटमीठ लावून सांगितली असेल, म्हणून खरं काय ते ऐक. मी रोपवाटिकेत गुलाबाच्या कुंड्यांमध्ये बसून तण काढत होते. उठताना तोल गेला आणि होते तिथेच परत बसले. लागलं काहीच नाही. पण उठता येईना. गुडघा मांडीकडे बोट दाखवी, मांडी गुडघ्याकडे. कचेरीतले दोन कारकून जसे. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्या बाईला वाटलं, मी मुळं तपासतेय. तिने कोणत्या रोपाला किती ऊन लागतं ते सगळं विचारलं, मीही जमिनीवरून सगळं सांगितलं. रोप दिलं, पैसे घेतले, आणि मग सहज आठवल्यासारखं म्हटलं, की जाता जाता मला जरा उठवा.

(त्या बाईंनी मला हाक मारली. आम्ही दोघींनी मिळून उठवलं. त्याआधी आजी बराच वेळ एकट्या तशाच बसून होत्या, ते त्या सांगत नाहीयेत. — शिलाईवाली)

झालं, बाळ्याला कळलं. तुझा बाप विमा कंपनीत, त्याला रिकाम्या खुर्चीतसुद्धा अपघात दिसतो. आला, कुंड्यांकडे संशयाने बघितलं आणि निकाल दिला. ऑगस्ट संपेपर्यंत रोपवाटिका बंद करायची, झाडं कुणाला तरी देऊन टाकायची आणि मी त्याच्या नवव्या मजल्यावर राहायला जायचं. तिथे म्हणे मला वेगळी खोली आहे, पलंग आहे, उशाशी दाबायला घंटा आहे. मी विचारलं, माती कुठे आहे. तर म्हणाला, आई, आता मातीत काय ठेवलंय. ठके, घर गेलं तरी एक वेळ चालेल, पण सकाळी उठून हात कशात घालू मी? घंटेत?

तू त्याच्याशी बोल. फक्त मला व्यायाम सांगू नकोस. तो जाड्या माणसांनी करायचा. माझ्या अंगावर जाळायला काही उरलेलं नाही. जोराचा वारा सुटला की मी कुंपण धरून उभी राहते.

लोभ असावा. नसला तर बापाशी बोलण्यापुरता तरी आणावा.

तुझी आजी


ता. ११ जून

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. धपाटा पोचला, पाठीवर जागा करून ठेवला आहे.

बाबांशी बोलले. ते ऐकेनात. शेवटी मी त्यांना एवढंच विचारलं, की तुम्हाला नेमकी भीती कशाची आहे. ते म्हणाले, आई पुन्हा पडेल आणि कुणी येईपर्यंत जमिनीवर पडून राहील. आजी, ही भीती खोटी नाही. मलाही आहे. म्हणून मी त्यांच्याकडून एक कबूल करून घेतलं. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ते तुला न्यायला येतील. त्या दिवशी तू त्यांच्यासमोर जमिनीवर बसायचं आणि उठायचं. जमिनीला हात टेकला तर चालेल. खुर्ची, भिंत, माणूस, काही धरायचं नाही. उठलीस तर रोपवाटिका तुझी आणि हा विषय बंद. नाही उठलीस तर तू निमूटपणे गाडीत बसायचं. ते लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की मला तुझ्या वतीने राग आला.

तेव्हा व्यायाम सांगणार, तू नको म्हणालीस तरी. व्यायाम म्हणजे चरबी जाळणं, हे तुझ्या डोक्यात बाबांनी भरवलं. ते रोज वजनकाट्यावर चढतात आणि काटा खाली आला की दिवसभर खूश. तुला काही जाळायचं नाही, तुला बांधायचं आहे. तू वाळली आहेस म्हणून तर जास्तच. माझ्याकडे येणारे निम्मे लोक तुझ्यासारखे सडपातळ असतात, आणि नळसुद्धा दोन्ही हातांनी फिरवतात. ठेच लागल्यावर पाय वेळेवर पुढे पडतो तो मांडीच्या जोरावर. स्नायू हाडाला ओढत राहतात म्हणून हाड स्वतःला घट्ट ठेवतं. खाल्लेली साखर रक्तात भटकू नये म्हणून तिला ओढून घेणारेही तेच. आणि माणूस आजारी पडला, की शरीर आधी स्नायूंवरच हात मारतं. तिथे शिल्लक असेल तर तो पलंगावरून पुन्हा उठतो. यातलं काहीही वजनकाट्याला दिसत नाही.

या वयात बांधून होतं का, असं विचारशील. होतं. सावकाश, पण होतं. जुन्या गुलाबाला फुटवा येताना तू त्याचं वय विचारतेस का?

तर ऐक. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून उठायचं आणि धपकन न पडता सावकाश बसायचं. भिंतीला तळवे लावून तिला ढकलायचं. दोन्ही हातांत पाण्याच्या झाऱ्या घेऊन ताठ चालायचं. जड वाटेनासं झालं की थोडं वजन वाढवायचं, आणि मधे एक दिवस विश्रांती. नुसत्या चहावर दिवस काढायचा नाही. अंडं, दूध, डाळ, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं.

शिलाईवाल्या काकूंना नमस्कार. त्यांनी घुसडणं चालू ठेवावं. तुझा लोभ आहेच, तो आता पायांवरही कर.

तुझी ठकी


ता. २ जुलै

चि. ठकीस,

आशीर्वाद. दोन दिवस शिव्या दिल्या, आता आशीर्वाद देते आहे.

पहिल्या दिवशी खुर्चीने मला सोडलंच नाही. हात छातीशी बांधून मी अशी पुढेमागे झुलत होते, की शिलाईवाली हसून हसून मशीनवर डोकं टेकून बसली. म्हणून तिलाही बसवलं. दिवसभर मशीनवर वाकून तिची पाठ धनुष्यासारखी झाली आहे, आणि वयाने माझ्या निम्मी. तीही झुलली. मग आम्ही खुर्चीवर उशी टाकून ती उंच केली, तेव्हा कुठे उठलो. आता उशी काढली आहे.

(मी आधी उठले. — शिलाईवाली)

झाऱ्यांचं म्हणशील तर पहिल्यांदा अर्ध्या भरल्या, आता काठोकाठ. पायाला माझ्या घाई नाही, पण कुंडीच्या कडेला अडखळले तर आता तो आपणहून पुढे जातो, मला विचारत नाही. गिऱ्हाइकांची मात्र पंचाईत झाली आहे. फाटकापर्यंत कुंडी मीच उचलून नेते, त्यांना हात लावू देत नाही. मागच्या आठवड्यात एक धिप्पाड गडी लाजून मागून रिकाम्या हाताने चालत होता आणि आजूबाजूला कुणी बघत नाही ना, ते पाहत होता.

भूकही अशी लागते, की अंडेवाल्याने विचारलं, घरी पाहुणे आलेत का. म्हटलं, हो, मांड्या आल्या आहेत.

परवा मात्र जमिनीवर बसून पाहिलं. बसता आलं. पुढचं विचारू नकोस.

(पुढचं मी सांगते. आजी उठायला गेल्या, जमलं नाही, चिडून खताच्या पोत्याला धरून स्वतःला ओढलं आणि कंबर धरली. दोन दिवस पडून आहेत. हे पत्रही पडूनच सांगतायत. तुम्हाला कळवू नको म्हणाल्या. — शिलाईवाली)

लोभ असावा, आणि या बाईच्या हातचं पेन काढून घ्यायला कुणी तरी असावं.

तुझी आजी


ता. ९ जुलै

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. पत्रातला कंस आधी वाचला.

कंबर दुखायची थांबेपर्यंत नुसतं चाल, झाऱ्या नकोत. मग पुन्हा खुर्चीपासून सुरू कर. मागे गेल्यासारखं वाटेल, पण तसं नाही. छाटणीनंतर झाड उघडंबोडकं दिसतं तेव्हा तू गिऱ्हाइकांना काय सांगतेस, ते जरा स्वतःला सांग.

आणि चूक माझी. उठायचं कसं ते मी सांगितलंच नाही. तू बसल्या जागेवरून थेट वर यायला गेलीस. तसं नाही. आधी एका कुशीवर वळायचं. मग हात आणि गुडघे टेकून ओणवं व्हायचं. एक पाऊल पुढे आणून जमिनीवर सपाट टेकवायचं. हात त्या मांडीवर ठेवायचे आणि टाच खाली दाबायची. वर खेचायचं नाही, जमीन खाली ढकलायची. पहिल्या वेळी काकूंना शेजारी उभं कर. त्यांनी हात लावायचा नाही, नुसतं असायचं.

एक विचारते, आणि खरं सांग. तुला जायचं असेल, थकली असशील, तर तसं म्हण. मी बाबांना सांगेन, कुणीही हरलं नाही असं होईल.

लोभ आहे, तो काळजीसकट घ्यावा.

तुझी ठकी


ता. १२ ऑगस्ट

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. शेवटच्या रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो. कपाट आणि पलंग आणायचा नाही, इथे आहेत. झाडांसाठी एक जण तयार केला आहे, तो सगळी एकदम नेईल.

ठकीशी जे ठरलं ते मी पाळेन, पण तू हट्टाने कंबर मोडून घेऊ नकोस. नाही जमलं तर त्यात कमीपणा नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ चालतो, रात्रीचं जेवण सोडलं आहे आणि पँटी सगळ्या कमरेत आत घ्याव्या लागल्या. तेव्हा शरीर कसं असतं ते मलाही थोडं कळतं.

काळजीपोटी लिहिलं, लोभ कमी करू नये.

तुझा बाळ्या


ता. ३० ऑगस्ट

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर उशिरा देते. जायचं नव्हतं. जायचं असतं तर मी इतकी अंडी खाल्ली असती का?

काल बाळ्या आला. इतका वाळला आहे, की आधी मला वाटलं, नुसते कपडेच चालत येतायत. मागे टेम्पो. आल्या आल्या तो कुंड्या मोजायला लागला, म्हणून म्हटलं, आधी ठरलेलं काम करू. अंगणात मधोमध जागा मोकळी केली. त्याने खुर्ची जवळ आणून ठेवली, लागली तर असावी म्हणून. मी ती शिलाईवालीला लांब न्यायला सांगितली. टेम्पोवाला खाली उतरून बघत उभा राहिला.

मी बसले. खरं सांगते ठके, बसल्यावर आधी खुर्ची किती लांब गेली ते पाहिलं. बाळ्याचं तोंड उतरलं होतं. त्याला जिंकायचं होतं असं नव्हे, मी पडले तर धरायला त्याचे हात आधीच पुढे आले होते. त्याला म्हटलं, हात मागे घे. कुशीवर वळले, ओणवी झाले, पाऊल पुढे टेकवलं. मांडी थरथरली. थरथरू दिली. टाच दाबली, आणि जमीन खाली गेली. मी उभी होते. काही धरलेलं नव्हतं. टेम्पोवाल्याने टाळी वाजवली.

(मी रडले. आजी नाही रडल्या. — शिलाईवाली)

तुझा बाप काय म्हणाला असेल? म्हणाला, आई, हे हळूहळू केलं तर कुणालाही जमेल. म्हटलं, मग बस की. तो ऐटीत बसला, मांडी घालून. बसून मला समजावू लागला, की आज जमलं, पण पुढच्या वर्षीचं काय. तेवढ्यात त्याच्या मनगटावरचं घड्याळ किणकिणलं. ते म्हणे त्याला बराच वेळ बसलात, आता उभे राहा, असं सांगतं. तो उठायला गेला. अर्धा वर आला आणि खाली बसला. दुसऱ्यांदा कुशीवर वळला, मी वळले होते तसाच, आणि गुडघ्यावर येऊन तिथेच थांबला. मांडीत काही नव्हतंच. चालून चालून आणि जेवण सोडून त्याने पोटाबरोबर तीही खर्च करून टाकली होती. त्याची नजर खुर्चीकडे गेली. खुर्चीवर शिलाईवाली बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

मी त्याला हसले नाही. म्हणजे लगेच नाही. त्याच्यासमोर गेले, पाय रोवले आणि हात पुढे केला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात धरला. सबंध वजन टाकलं त्याने, ठके, आणि मी त्याला उभं केलं. हललेसुद्धा नाही. उभा राहिल्यावरही त्याने हात सोडला नाही. मग हळूच विचारलं, आई, सुरुवात कशापासून करायची?

टेम्पो रिकामाच परत गेला. जाताना टेम्पोवाल्याने एक गुलाब विकत घेतला. झाडं नेणाऱ्याला बाळ्याने स्वतः नाही म्हणून कळवलं, आणि मग दुपारभर माझ्या खुर्चीवर हात छातीशी बांधून झुलत बसला. उशी देऊ केली, तर नको म्हणाला. संध्याकाळी पोटभर जेवला आणि काट्यावर चढला नाही, कारण माझ्याकडे काटा नाही. दर रविवारी येणार आहे. त्याला सांगितलं, ये, पण मी सांगेन तेवढंच उचलायचं, आणि कंबर धरली तर लपवायचं नाही.

लोभ आहेच. तो वाढव, आणि बापाचे दंडही.

तुझी आजी