बारा पानांचा तक्ता

३ जून, सकाळी ७.१०
आजपासून रोज नोंद. एक दिवसही चुकवायचा नाही.
इथल्या मुलांना त्यांच्या जंगलाची ओळख मीच करून देणार. मुलं इथलीच, त्यांचे पणजे-खापरपणजेही इथलेच, पण शाळेच्या पुस्तकांत या झाडांचं नावसुद्धा नाही. झाडं ओळखणारी एकच आजी उरली आहे. तिचे गुडघे गेलेत. तीस तारखेच्या बोटीने ती कायमची लेकीकडे शहरात चालली आहे. म्हणजे माझ्या हातात सत्तावीस दिवस. भरपूर झाले. प्लॅन तयार.

३ जून, दुपार
प्लॅन तीनदा बदलला. आता पक्का.

५ जून
आजीला आमच्या निसर्ग-शिक्षण केंद्राच्या वर्गात आणलं. गादीची खुर्ची दिली. समोर अकरा मुलं. रेकॉर्डर चालू केला आणि एक पान दाखवून झाडाचं नाव विचारलं. आजी म्हणाली, झाडापाशी चला, सांगते. पान इथेच आहे, झाडाची गरज नाही, असं मी शांतपणे समजावलं. ती म्हणाली, खोडाला हात लावल्याशिवाय ती नाव सांगत नाही. तिची आजीही सांगायची नाही.
रेकॉर्डिंग चाळीस मिनिटं. पावसाचा आवाज सुंदर आलाय.

६ जून
जंगलात जायला माझी काहीच हरकत नाही. फक्त बूट यायचेत.

१० जून
बूट आले. पण जळवांसाठी वेगळे लांब मोजे लागतात. साध्या मोज्यांवर जाणं म्हणजे बेजबाबदारपणा. निश्चय: सोमवारी नक्की.
तोवर वेळ वाया घालवला नाही. सकाळी खोलीमागे दहा पावलं गेलो (ते जंगलच) आणि बारा प्रकारची पानं जमवली. लाल, पोपटी, बोटाएवढं, ताटाएवढं, भोकाभोकांचं. लॅमिनेट करून तक्ता केला. एक ते बारा नंबर. नावं आजीकडून नंतर.
तक्ता पाहून मुलं खूप हसली. उत्साह चांगला आहे. एक नऊ वर्षांची मुलगी, सगळे तिला बडबडी म्हणतात, काही सांगायला उठली. आधी हात वर करायचा, असं सांगून तिला बसवलं.

१२ जून
हजेरी सहा. बाकीची कुठे आहेत, विचारलं. केंद्राची स्वयंपाकीण म्हणाली, पहाटेच आजीला हात देऊन जंगलात घेऊन गेलीत.
नोटीस लावली: वर्गाच्या वेळेत जंगलात जाण्यास सक्त मनाई.

१६ जून, सोमवार
मोजे आले. पोट बरं नाही.
बायकोचा फोन. जंगल कसं आहे विचारत होती. तिला दहा मिनिटं वर्णन करून सांगितलं. ती म्हणाली, खिडकीतनं दिसतं तेवढंच सांगताय. शिवाय घरच्या कुंडीतलं झाड मी पंधरा दिवसांत वाळवलं होतं, ते उकरून काढलं. तिला माझ्या कामाचा आवाका कळत नाही.

१८ जून
हजेरी दोन. त्यातल्या एकीचा पाय मुरगळलाय. दुसरी तिची बहीण.

२३ जून
हजेरी शून्य. रिकाम्या वर्गाला तक्ता समजावून पाहिला. सराव हवाच.
बसवेना. खिडकीपाशी चार वेळा जाऊन आलो. लांबून मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता. आजी आठवड्यात जाणार आणि ही पोरं नुसती हुंदडतायत. यांचं पुढे कसं होणार?

२९ जून, सकाळी ८
परीक्षा. आजी उद्या जाणार म्हणून तिला घेऊन अकराही जण आले. नंबर एक कोणतं झाड, विचारलं. बडबडीने हात वर केला (शिस्त रुजली आहे). म्हणाली, सर, बाराही पानं एकाच झाडाची आहेत. लाल ते कोवळं, मोठं ते सावलीतलं, भोकं अळीने पाडलेली. त्या दिवशी हेच सांगायला उठले होते.
मग झाडाचं नाव काय, विचारलं. म्हणाली, तिकडे चला.

२९ जून, सकाळी ११
गेलो. साध्या मोज्यांवर. झाड माझ्या खोलीमागेच आहे. मी टॉवेल त्याच्यावरच वाळत घालतो.
आजीने माझा हात धरून खोडावर ठेवला आणि नाव सांगितलं. पुढे मुलं सांगत गेली. एकेक जण खोडावर हात ठेवायचा, नाव सांगायचा, साल कशाला लागते, फळ कोण खातं, सगळं. चव्वेचाळीस झाडं. आजी एकदाही मध्ये बोलली नाही, नुसती डोळे पुसत होती. मलाही भरून आलं.
मोहीम यशस्वी. अहवालात तक्त्याचा उल्लेख करावा.

३० जून, सकाळी १०
बोट गेली. आजी मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवून चढली. मला म्हणाली, तुम्हाला एकच सांगितलंय बाबा, तेवढं विसरू नका. छे, म्हणालो.
खोलीवर येऊन अहवाल लिहायला बसलो. नाव आठवेना. मागे जाऊन खोडाला हात लावून उभा राहिलो. तरी आठवेना. सत्तावीस दिवस ती इथेच होती, आणि मी मोज्यांची वाट पाहत बसलो. फार वाईट वाटलं.
बडबडीला विचारलं. म्हणाली, उद्या सहाला या, सर. बारक्यांचा नवा वर्ग आहे, पाच वर्षांच्या दोघांबरोबर तुम्हालाही घेते. टॉवेल मात्र आधी काढा.
हजेरी ती घेणार आहे.